लक्षद्वीपहून लेकीने आणलेला प्रवाळाचा तुकडा, आता काय करू?

नीरजा_ठाणे (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं लक्षद्वीपला जाऊन आलो, अगत्ती आणि बंगारम मिळून सहा दिवस. प्रवासवर्णन सावकाश लिहीन, अजून फोटोच निवडायचेत, पण त्याआधी एक अडचण आलीये. काल कपाट आवरताना लेकीच्या (वय ९) मोज्यात प्रवाळाचा तुकडा सापडला. अंगठ्याएवढा, पांढराशुभ्र, खडूसारखा खरखरीत. भिंगाखाली धरला तर बारीक बारीक भोकं आणि प्रत्येक भोकात चांदणीसारखे पातळ पडदे. बंगारमच्या पुळणीवर उचलला म्हणाली. आमच्या गाइडने दोनदा बजावलं होतं की शंख, शिंपले, प्रवाळ काही उचलायचं नाही, तिनेही मान डोलावली होती. आता विचारलं तर म्हणते, "आई तो मेलेलाच होता, आणि तिथे अख्खा किनारा त्याचाच आहे, एक आणला तर काय झालं?"
रात्रभर झोप नाही. ठेवू, टाकू, कुणाला देऊ? आणि मुख्य म्हणजे तिच्या प्रश्नाला काय उत्तर देऊ? मला स्वतःलाच ते नीट देता येत नाहीये.

कोकणी_वारा
ठेवा हो शोकेसमध्ये. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात टीव्हीवर एक शंख आणि एक पांढरं प्रवाळाचं झाड असायचंच. पोरीला ओरडू नका.

वकीलीण_बाई
नीरजाताई, ओरडू नका हे बरोबर, पण ठेवूही नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली रीफ (समुद्रातली प्रवाळाची भिंत) बांधणारी सगळी प्रवाळं त्याच्या अनुसूची एकमध्ये घातली, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. 'मेलेला होता' हे कायद्यात चालत नाही. वाघनखंसुद्धा मेलेल्या वाघाचीच असतात ना. जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात जा, काय झालं ते सरळ सांगा आणि जमा करा. कचऱ्यात टाकू नका आणि कुणाला भेट तर अजिबात देऊ नका.

कोकणी_वारा
वाघाच्या पंगतीत?? खरंच माहीत नव्हतं. काकांकडे अजून ते झाड आहे, आज फोन करतो.

मीनाक्षी_पुणे
वाचतेय. बंगारमचे फोटो टाका आधी!

समुद्रफेन
मी सागरी जीवशास्त्र शिकले आणि अगत्तीला दोन हंगाम कामासाठी राहिले, म्हणून लेकीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते, जरा लांबेल.
तिचं अर्धं म्हणणं अगदी खरं आहे. अख्खा किनारा प्रवाळाचाच आहे, आणि नुसता किनारा नाही, अख्खं बेटच. तिथे खाली कुठेही काळा कातळ लागत नाही. विहीर खणा, प्रवाळाचा चुनाच लागतो. आणि तो किनाऱ्यावर येतो कसा हे तिला सांगा. पोपटमासा म्हणून एक मासा आहे, हिरवा-निळा-गुलाबी, तोंडाला पोपटाच्या चोचीसारखे दात. तो प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर खडकही चावतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून पांढरी रेती सोडतो. स्नॉर्केल लावून डोकं पाण्याखाली घातलं की तो चावा ऐकू येतो, शेजारी बसून कुणी कुरमुरे खातंय असं वाटतं. मग मासा थोडा वर येतो आणि शेपटीमागे पांढऱ्या धुळीचा एक ढग सुटतो. मालदीवमधल्या एका बेटाचा अभ्यास झालाय, तिथल्या नव्या गाळापैकी ८५ टक्क्यांहून जास्त पोपटमाशांनी केलेला निघाला. आपण ज्या पुळणीवर आडवं होतो ना, ती बरीचशी माशाच्या पोटातून आलीये.
तर सांगायचं हे की तो तुकडा मेलेला असला तरी त्याचं काम संपलेलं नव्हतं. तो पुढे फुटणार होता, दळला जाणार होता, रेती होऊन बेटावर बसणार होता. ही बेटं बहुतेक ठिकाणी माणसाच्या उंचीहून थोडीशीच वर आहेत. नवी रेती आली नाही तर समुद्र जुनी घेऊन जातोच, आणि नवी रेती आणायला तिथे ना नदी आहे ना डोंगर.

नीरजा_ठाणे
समुद्रफेन, हे मी तिला तस्सं वाचून दाखवलं. 'माशाच्या पोटातून' ला ती पाच मिनिटं हसत होती आणि मग एकदम गप्प झाली. खूप आभार.

गिरीमित्र
डोंगर नाही म्हणालात म्हणून राहवेना. डोंगर आहे, पाण्याखाली आहे, आणि आपल्या सह्याद्रीचा सख्खा नातलग आहे! साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तो ज्या तप्त स्थानामुळे (पृथ्वीच्या पोटातून सतत लाव्हा वर येतो अशी जागा), त्याच्यावरून भारताचा तुकडा उत्तरेला सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची रांग राहिली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस असं करत ती रांग थेट मॉरिशस आणि रियुनियनपर्यंत जाते. रियुनियनचा ज्वालामुखी आजही पेटतो. लक्षद्वीपच्या पोटातले ते डोंगर हळूहळू खचत गेले आणि प्रवाळ त्यांच्या डोक्यावर थर चढवत पाण्याच्या पातळीशी राहिलं. बेट खचतं आणि कडेनं प्रवाळाचं कडं वर वाढत राहतं हे डार्विनने १८४२ सालीच मांडलं होतं. म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कातळ आणि बंगारमची रेती, घराणं एकच. हे कळल्यापासून मला गडावर बसलं तरी पश्चिमेकडे बघावंसं वाटतं.

प्रतीक_नाशिक
माहिती छान आहे पण थोडं विरोधी बोलतो. एका नऊ वर्षाच्या मुलीच्या अंगठ्याएवढ्या तुकड्यावर आपण एवढं बोलतोय, आणि तिकडे समुद्र तापल्यामुळे मैलोनमैल प्रवाळ पांढरं पडतंय. १९९८ ला झालं, २०१० ला झालं, २०१६ ला झालं, २०२४ ला परत झालं. त्यात त्या पोरीचा काय दोष? आणि तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या घरं आणि मशिदी बांधायला प्रवाळाचाच दगड वापरत आले. त्यांना नियम नव्हते, आपल्याला मात्र मोजा तपासायचा.

मीनाक्षी_पुणे
पांढरं पडणं म्हणजे काय? मला वाटायचं प्रवाळ पांढरंच असतं.

समुद्रफेन
@मीनाक्षी, जिवंत प्रवाळ तपकिरी, हिरवट, जांभळट, पिवळं असतं. प्रवाळ हा प्राणी आहे, मोहरीएवढ्या जिवांची वसाहत म्हणा, आणि त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल भाड्याने राहतं. भाडं म्हणजे साखर! ते उन्हावर अन्न करतं आणि बरंचसं घरमालकाला देतं. रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की हे नातं बिघडतं, प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं. मग पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. लगेच मरत नाही, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परत येतात, नाही निवलं तर मरतं.
@प्रतीक, तुझं म्हणणं मला पटतं आणि खटकतंही. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे लोक १९९८ पासून अगत्ती, कदमत, कवरत्तीची तीच तीच रीफ मोजतायत. तेव्हा जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्के होतं, २०२२ पर्यंत २० च्या खाली आलं. मोज्यातून एवढं कुणी नेलं नाही, हे उन्हानंच नेलं, मान्य. पण अर्ध्यावर आलेल्या तिजोरीतून 'एकच तर' म्हणणारा माणूस जास्त बोचतो, कमी नाही. दगड वापरायचे ते खरं. पण ते त्याच बेटावर राहिले आणि तो दगडही त्याच बेटावर राहिला.

प्रतीक_नाशिक
शेवटचं वाक्य पटलं. दोष पोरीचा नाही एवढं मात्र धरून बसतो.

समुद्रफेन
ते मीही धरून बसले आहे :)

दर्यावर्दी_काका
आम्ही २०१३ साली जहाजाने गेलो होतो कोचीहून, एमव्ही कवरत्ती, समुद्रम नावाचं पाच दिवसांचं पॅकेज, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. रात्रभर जहाज चालायचं आणि सकाळी बेटासमोर उभं राहायचं, धक्क्याला लागत नाही कारण रीफ आडवी, मग उघड्या दारातून खालच्या हलत्या बोटीत उतरायचं, दोन खलाशी दोन्ही दंडांना धरतात आणि लाट वर आली की "जंप" म्हणतात, आमच्या हिने डोळे मिटून उडी मारली आणि परत येताना उघड्या डोळ्यांनी. मिनिकॉयचं दीपगृह १८८५ चं, वर चढलो तर खाली सगळा लगून, म्हणजे रीफच्या आतलं उथळ पाणी, फिकट पोपटी आणि कड्याबाहेर एकदम शाईसारखा निळा, मध्ये पांढऱ्या फेसाची एक रेघ. ती रेघ म्हणजेच रीफ असं खलाशी म्हणाला, ती आहे म्हणून आम्ही आहोत. बारा वर्षं झाली, रेघ डोळ्यासमोर आहे.

पोटोबा
मिनिकॉयचा विषय निघाला तर कुप्याबद्दल (ट्यूना मासा) बोलायलाच हवं. जाळं नाही, एकेक मासा गळाने! आधी लगूनमध्ये बारीक जिवंत मासे पकडून होडीतल्या पाण्यात ठेवतात, मग बाहेर कुप्यांचा थवा दिसला की ते मूठमूठ फेकतात, पाण्याचे फवारे मारतात, खवळलेला कुपा कशालाही तोंड घालतो आणि काठीच्या एका झटक्यात होडीत. गळाला उलटा काटा नसतो म्हणून मासा आपोआप सुटून पडतो. यात कासव नाही अडकत, डॉल्फिन नाही अडकत. मग तो कुपा उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात, त्याला मास म्हणतात. माझ्या मित्राने आणला होता, किसून ओल्या खोबऱ्यात कालवला आणि भाताबरोबर खाल्ला, आपली सुक्याची किसमूर आठवली. पण लिहिण्याचं कारण वेगळं, आमिषाचे ते बारीक मासे प्रवाळातच राहतात. प्रवाळ गेलं की ते गेले, आणि मग कुपा समोर उडत असला तरी हातात काठी घेऊन बसायचं.

सायली_के
नीरजा, अगत्तीला कासवं दिसली का गं? तिथल्या हिरव्या कासवांबद्दल वाचलं होतं. मी वेळासला कासव महोत्सवाला दोनदा गेलेय, पिल्लं समुद्रात जाताना बघायला, ती ऑलिव्ह रिडले.

नीरजा_ठाणे
दिसली म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात एक आलं, ताटापेक्षा बरंच मोठं, आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता समुद्री गवत चरायला लागलं. गाय चरते तसंच, मान खाली, एक घास, थोडं पुढे, परत घास. मग श्वास घ्यायला वर आलं आणि इतक्या जवळून 'फूऽऽ' केलं की धाकटा माझ्या कडेवर चढला. पण आमचा बोटवाला फारसा खूश नव्हता. कासवं फार झाली म्हणाला. मला ते ऐकून वाईट वाटलं.

समुद्रफेन
वाईट वाटून घेऊ नका, त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं इतकी दाटली होती की त्यांनी गवताची कुरणं पार खुरटी केली, काही ठिकाणी संपवलीच. त्या गवतात छोटे मासे वाढतात. गवत गेलं, मासे कमी झाले, कोळ्यांचा राग कासवावर. मग कासवं दुसऱ्या बेटांच्या कुरणांवर जायला लागली. पूर्वी या कासवांना मोठे शार्क आवरायचे, ते आता कमी झाले. एकीकडे जपायचा प्राणी, दुसरीकडे ज्याच्या दारात तो चरतोय तो माणूस, आणि दोघांनाही तेच एवढंसं लगून. मी तिथे असताना एक म्हातारे कोळी म्हणाले होते की कासवाला मारणार नाही, पण माझ्या जाळ्याचं काय ते कुणीतरी विचारा. लोक विचारत नाहीत.

सायली_के
हे कधी कुठे वाचलं नव्हतं. वेळासला गावकरीच कासवमित्र झाले कारण पर्यटकांमुळे त्यांच्या घरात दोन पैसे आले. अगत्तीला कासव दाखवायचे पैसे कोळ्याला मिळतात की रिसॉर्टला, त्यावर सगळं आहे.

कोकणी_वारा
काकांना फोन केला. ते म्हणाले ते झाड १९७४ साली मुंबईत एका प्रदर्शनात विकत घेतलं, पावती पण आहे! वकीलीणबाई आता काय?

वकीलीण_बाई
काकांना म्हणावं पावती जपा आणि झाडासकट वनविभागाला विचारा. जुन्या वस्तूंचा प्रश्न वेगळा असतो, कागद बघितल्याशिवाय इथे सांगणं बरोबर नाही.

घारू_अण्णा
लक्षद्वीपला साप नाहीत, कुत्री नाहीत असं सांगतात, खरं का?

दर्यावर्दी_काका
अण्णा, आम्हाला तरी एक कुत्रं दिसलं नाही. मांजरी मात्र होत्या, आणि उंदीर म्हणाल तर नारळावर! झाडावरच राहतात, झावळ्यांवरून झावळ्यांवर, कोवळे नारळ पोखरतात. खाली भोक पडलेल्या शहाळ्यांचा सडा.

पक्षीवेडा_सातारा
आणि त्यासाठी कवरत्तीला केरळमधून गव्हाणी घुबडं नेली! उंदीर खायला. साप नाही, मोठा शिकारी नाही, मग उंदरांचं फावणारच. मला जरा धाकधूक वाटते, बेटावर बाहेरचा प्राणी सोडणं ही फार जपून करायची गोष्ट. घुबड काय फक्त उंदीरच खाईल असं लिहून देत नाही. जवळच पित्ती नावाचं एवढंसं वाळूचं बेट आहे, माणूस नाही, झाड नाही, गोडं पाणी नाही, आणि तिथे सुरय पक्षी हजारोंनी उघड्या रेतीवर अंडी घालतात. त्यांचा भाऊबंद नॉडी, तपकिरी अंगाचा आणि डोक्यावर राखी टोपी घातल्यासारखा, तो लक्षद्वीपचा राज्यपक्षी. त्याचं छायाचित्र बघितलं तेव्हापासून एकदा होडीतून लांबूनच पित्ती बघायची आहे. उतरायचं नाही, नुसतं बघायचं.

पोटोबा
राज्यवृक्ष नीरफणस! आपल्या कोकणातलाच. कापं करून तांदळाच्या पिठात घोळवून तळली की... थांबतो.

मालवणी_माणूस
सगळे लक्षद्वीपचा बोलतहत, माका मालवणाबद्दल बोलाचा आसा. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दोन वर्षांपूर्वी मी पाहुण्यांना स्नॉर्केलिंगला घेऊन गेलो, नाव कुणाचं घेत नाही, पण त्या होडीवाल्याने नांगर थेट प्रवाळावर टाकला आणि घाबरलेल्या बाईंना म्हणाला, उभ्या राहा, खाली दगड आहे. तो दगड नव्हता. बाईंच्या टाचेखाली कट्ट करून फांदी मोडली ती मी बघितली, आणि आत ओली तपकिरी सालपट होती, जिवंत. फांद्यांचं प्रवाळ जोरात असलं तरी वर्षाला बोटभर वाढतं, गोल डोक्याचं तर वर्षाला नखाएवढं. मी ओरडलो तर म्हणाला, सगळेच उभे राहतात. नीरजाताईंच्या लेकीने पडलेला तुकडा उचलला आणि तिची आई रात्रभर जागी राहिली. आमच्या त्या होडीवर वीस जण होते, सगळे झोपले असतील.

प्रतीक_नाशिक
मालवणी माणूस, शेवटची ओळ दोनदा वाचली.

अभियंता_७७
अवांतर पण महत्त्वाचं. जाणाऱ्यांनी पाणी जपून वापरा. तिथे रेतीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, जास्त उपसा केला की खालचं खारं वर येतं. कवरत्तीला २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने प्रकल्प केला, वरचं गरम पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोल समुद्रातलं थंड पाणी वर ओढून ती वाफ निववायची, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी. तरी पर्यटकाने दोन वेळा शॉवरखाली अर्धा अर्धा तास उभं राहायची ती जागा नाही.

मीनाक्षी_पुणे
मग जावं की जाऊ नये? २०२४ च्या जानेवारीपासून आमच्या सोसायटीत सगळ्यांनाच लक्षद्वीपला जायचंय.

समुद्रफेन
जावं. परमिट काढून, स्थानिक माणसाच्या घरी किंवा बोटीवर पैसे खर्च करून, थोड्या संख्येने. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला म्हणजे सनस्क्रीन कमी लागेल. पाण्यात तरंगा, उभं राहू नका. बंगारमच्याच कड्यात पराळी नावाची छोटी बेटं होती, त्यातलं एक, पराळी एक, १९६८ च्या नकाशावर आहे आणि आता नाही. पूर्ण झिजून गेलं. मी त्या जागेवरून होडीने गेलेय, खाली नुसती पांढरी रेती हलताना दिसते. हे एकदा डोळ्यांनी बघितलेला माणूस घरी येऊन वेगळं बोलतो, म्हणून जावं.

नीरजा_ठाणे
मंडळी, अपडेट. काल लेकीला घेऊन वनविभागाच्या कार्यालयात गेले. वाटेत ती एकदाही बोलली नाही, तुकडा रुमालात गुंडाळून दोन्ही हातात धरला होता. तिथल्या साहेबांनी मला नाही, तिलाच विचारलं, कुठे सापडला. तिने सगळं सांगितलं, मोजासुद्धा. त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, माझी सही घेतली. मग तिने विचारलं, "हा परत बंगारमला जाईल का?" ते म्हणाले, तेवढं आम्हाला जमणार नाही बाळा, पण इथे शाळेची मुलं येतात, त्यांना दाखवू. ती म्हणाली, "मग त्यांना पोपटमाशाचं पण सांगा," आणि उभ्याउभ्या समुद्रफेन यांचं सगळं सांगून टाकलं, कुरमुऱ्यांसकट. साहेबांनी खुर्ची ओढून तिला बसायला दिली.
घरी आल्यावर रडली थोडी. मी काही बोलले नाही. संध्याकाळी चित्र काढत बसली, ते टाकतेय खाली. हिरवा-गुलाबी मासा, त्याच्या मागून ठिपके ठिपके पडतायत, खाली ठिपक्यांचा ढीग झालाय आणि ढिगावर आम्ही चौघं छत्री घेऊन बसलोय.

समुद्रफेन
हे चित्र मला हवंय. मोठं करून माझ्या टेबलासमोर लावणार आहे. तिला विचारून सांगा.

गिरीमित्र
ढिगाच्या खाली एक काळा डोंगर काढायला सांगा.

पक्षीवेडा_सातारा
आणि वर एक नॉडी, राखी टोपीवाला.

नीरजा_ठाणे
@समुद्रफेन, हो म्हणाली, पण डोंगर आणि नॉडी काढून झाल्यावर देणार. टोपीला राखी रंग नेमका कुठला ते विचारतेय.